जुने ब्रिटिश रेल्वेफोटो: आधी मागची बाजू बघा

मामाच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक कृष्णधवल फोटो होता. फलाटाला लागलेलं वाफेचं दांडगं इंजिन, त्याचा मधला भाग वाफेने झाकलेला, आणि मागे शाईच्या पेनाने लिहिलेलं, ‘आपलं कोल्हापूर!’ मामा मूळचा कोल्हापूरचाच. त्यामुळे हा कोल्हापूर स्टेशनचा फोटो आहे असं घरात सगळेच वर्षानुवर्षं धरून चालले होते. मामा असताना त्याला कुणी विचारलं नाही, आणि तो गेल्यावर विचारायचं कुणाला?

खरं तर त्या काळी कोल्हापूरला मिरजेहून मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची, गाडी यायची, आणि फोटोतलं धूड मीटर गेजचं नव्हे हे बघताक्षणी कळायला हवं होतं. इंजिनाच्या तोंडावर नंबर होता ४५५९३. मामा १९६६ ते १९६८ कापडाच्या शिक्षणासाठी लीड्सला होता. त्याने टिपलं होतं ते लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचं, म्हणजे एलएमएसचं, ‘ज्युबिली’ वर्गातलं इंजिन. त्या इंजिनाचं नावच होतं ‘कोल्हापूर’.

विल्यम स्टॅनियर यांनी आखलेल्या या वर्गाची १९१ इंजिनं १९३४ ते १९३६ या काळात बांधली गेली. साम्राज्यातल्या मुलखांची नावं त्यांतल्या बऱ्याच इंजिनांना दिली होती. बॉम्बे, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर ही सगळी त्यात आहेत. नागपूरकरांनी नाराज होऊ नये, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’, म्हणजे मध्य प्रांत, नावाचंही एक होतं. ‘कोल्हापूर’ १९३४ साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलं, १९६७ च्या ऑक्टोबरात ते सेवेतून निघालं, आणि भंगारात न जाता बर्मिंगहॅममधल्या टायस्लीला, जुनी इंजिनं जपणाऱ्यांकडे, पोचलं.

त्या एका फोटोपायी मी या नादाला लागलो. तुमच्याकडेही कुणा काका-आजोबांच्या इंग्लंडच्या दिवसांतले असे फोटो निघाले असतील, किंवा जुन्या बाजारात एखादा अल्बम हाती लागला असेल, तर ते जाणकारांपुढे ठेवण्याआधी काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालोय.

पायरी १: पुसू नका, चिकटवू नका, मागे वाचा

फोटो कडेने धरा. धूळ मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं लांब ठेवा. अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी धरते. त्यामुळे डबा कपाटाच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागली आहे. तिला बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि सगळ्यात आधी तिचंच स्कॅनिंग उरका.

मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची. तिथे फोटोग्राफरचा शिक्का असतो, प्रयोगशाळेचा नंबर असतो, कुणीतरी पेन्सिलीने खरडलेली तारीख असते. पोस्टकार्ड असेल तर मागच्या बाजूची आखणीही काळ सांगते. ब्रिटनमध्ये १९०२ पासून मागची बाजू विभागून एका अर्ध्यात मजकूर आणि दुसऱ्यात पत्ता लिहायची मुभा मिळाली. मागे फक्त पत्त्यापुरती जागा असेल तर कार्डाचा छापा बहुधा त्याआधीचा.

तुम्हाला स्वतःला मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल वापरा, तीही हलक्या हाताने. मामाच्या पेनाचा दाब इतका होता की ‘आपलं’मधल्या ‘प’चा उंचवटा पुढून आकाशात दिसतो.

पायरी २: स्कॅन

प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला तितके ठिपके), पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह किंवा स्लाइड २४०० ते ४००० डीपीआयला. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा आणि तिला नंतर हात लावू नका. इतरांना पाठवायला तिच्यावरून जेपेग काढा. कृष्णधवल प्रिंटही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा, शाई, डाग वेगवेगळे ओळखता येतात. मागची बाजूही स्कॅन करा आणि दोन्ही फायलींना एकच क्रमांक द्या, शेवटी फक्त ‘पुढे’ आणि ‘मागे’.

स्कॅनरमधली धूळ काढायची इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण त्यातली चांदी त्या किरणांना अडवते आणि यंत्राला चित्रच धूळ वाटतं. कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही ती गडबड करते. दोन्हींसाठी ती बंद ठेवा.

आता उलटसुलट. स्लाइड आणि निगेटिव्ह कुठल्याही बाजूने ठेवता येतात, आणि इंजिन अंगापिंडाने इतकं सममित असतं की चटकन कळत नाही. मी एक स्लाइड उलटी स्कॅन करून मोठ्या हौसेने चार लोकांना पाठवली. एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘ब्रिटनमध्ये गाड्या उजवीकडून कधीपासून धावायला लागल्या?’ तिथे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडून धावते, आपल्यासारखीच. पाटी वाचता येत नसेल तेव्हा हे तपासा. शिवाय पुरुषांच्या कोटाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या हाताला आहेत ना, ते बघा. फिल्मची मंद दिसणारी बाजू इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची, आणि चकचकीत बाजू त्याखालच्या पायाची. चकचकीत बाजूने पाहिलं की चित्र सुलट दिसतं.

आणि एक कळकळीची विनंती. फोटो ‘सुधारणारी’ ॲप ओळख पटवायच्या कामात वापरू नका. अशाच एका ॲपमधून मी मामाचा फोटो काढला, तर नंबर स्वच्छ आला, पण ४५५९८! ते ‘बासुटोलँड’ नावाचं वेगळंच इंजिन. अंधुक ३ चा ॲपने ठसठशीत ८ केला होता. न दिसणारं ते ठोकून देतं, आणि इतक्या आत्मविश्वासाने देतं की आपणही फसतो. कृष्णधवल फोटो रंगवून देणाऱ्या ॲपचीही तीच तऱ्हा. गंमत म्हणून करायचं तर करा, पण मूळ फोटो सोबत द्या आणि रंग यंत्राने भरलेत हे सांगा.

पायरी ३: फोटो वाचा

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि खरी मजा इथेच आहे. सुरुवात नंबरापासून करायची.

१ जानेवारी १९२३ ला ब्रिटनमधल्या शंभरावर रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या: एलएमएस, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न (एलएनईआर), ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला त्या चारही सरकारजमा होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ झाल्या. नव्या कारभारात नंबर आपसांत भिडू नयेत म्हणून जुन्या नंबरात भर घातली: एलएमएसच्या इंजिनांना साधारणपणे ४०,०००, एलएनईआरच्यांना ६०,००० आणि सदर्नच्यांना ३०,०००. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर ओतीव पितळी नंबरपाट्या होत्या, त्यांचे नंबर तसेच राहिले. म्हणजे ५५९३ चा ४५५९३ झाला. एलएनईआरचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन ४४७२ होतं. १९४६ च्या फेरनंबरात ते १०३ झालं आणि नंतर ६०१०३. नुसता नंबर वाचला की फोटो १९४८ च्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज येतो.

पण इथे एक खड्डा आहे. ‘कोल्हापूर’ टायस्लीला गेल्यावर त्याला एलएमएसचा जुना किरमिजी रंग चढवला आणि नंबरही पुन्हा ५५९३ लिहिला. त्यामुळे ५५९३ नंबरचा लखलखीत रंगीत फोटो दिसला की ‘१९३०च्या दशकातला दुर्मीळ रंगीत फोटो’ म्हणून उडी मारू नका. आजूबाजूच्या माणसांच्या पँटी बघा. बेलबॉटम दिसली की निकाल लागला.

नंबरानंतर टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी. तिच्यावर कंपनीची अक्षरं असतील तर बहुधा १९४८ पूर्वीचं, ‘ब्रिटिश रेल्वेज’ असं सलग लिहिलेलं असेल तर १९४८ नंतरची पहिली काही वर्षं. चाकावर स्वार झालेला सिंह १९४९ पासून आला, आणि मुकुटातून वर निघून हातात चाक धरलेला सिंह १९५६ पासून. यातून फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरतं. जुनं चिन्ह लगेच कुणी पुसत नसे. इंजिन रंगायला कारखान्यात जाईपर्यंत ते तसंच फिरायचं.

मग शेडपाटी. इंजिनाच्या तोंडावरच्या गोल दरवाजाच्या, म्हणजे स्मोकबॉक्सच्या, खालच्या बाजूला एक छोटी लंबगोल पाटी असते. तिच्यावरच्या आकडा-अक्षरातून इंजिन कुठल्या लोकोशेडचं ते कळतं. लीड्समधल्या होलबेक शेडचा कोड आधी २०ए होता, १९५७ मध्ये तो ५५ए झाला. लँकेशरमधल्या कार्नफर्थची पाटी आधी ११ए, १९५८ पासून २४एल आणि १९६३ पासून १०ए. एकाच शेडचे कोड असे बदलत गेले, त्यामुळे शेडपाटीवरून जागा आणि काळ दोन्ही हाती लागतात. भिंगाखाली सगळ्यात आधी हीच पाटी बघायची सवय लावून घ्या.

मामाच्या फोटोत शेडपाटीवर प्रकाशाची चकाकी आहे, काही वाचता येत नाही. पण ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूला, नंबरावरून तिरकी गेलेली एक फिकट रेघ दिसते. मला तो प्रिंटवरचा ओरखडा वाटला होता. तो ओरखडा नव्हे. क्रू या जंक्शनच्या दक्षिणेला २५,००० व्होल्टच्या तारा टाकल्यावर काही उंच इंजिनांना त्या तारांखालून न्यायला १ सप्टेंबर १९६४ पासून बंदी आली, आणि अशा इंजिनांच्या केबिनवर पिवळा तिरका पट्टा मारला गेला. ज्युबिली त्यातल्याच. म्हणजे फोटो १९६४ नंतरचा, ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मामा लीड्सला पोचला १९६६ च्या उन्हाळ्यात. फलाटापलीकडची झाडं पानांनी भरलेली. उरले दोनच उन्हाळे.

पुढच्या बफरांच्या, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल तोंडाच्या दांड्यांच्या, वर एकेक दिवा, असे दोन दिवे आहेत. ब्रिटनमध्ये दिव्यांच्या जागेवरून गाडीचा प्रकार कळायचा. बफरांवर दोन म्हणजे जलद प्रवासी गाडी, धुराड्याच्या बुडाशी एकच म्हणजे थांबत जाणारी प्रवासी गाडी. सदर्नवाल्यांचं मात्र वेगळं. त्यांच्या दिव्यांवरून आणि पांढऱ्या चकत्यांवरून गाडीचा मार्ग समजायचा, प्रकार नव्हे.

इंजिनच ओळखता येत नसेल तर भोवताल बघा. सिग्नलचा हात ‘जा’ सांगताना खाली झुकत असेल तर ग्रेट वेस्टर्नचा मुलूख, वर उठत असेल तर बहुधा बाकी कुणाचा. मात्र इतरत्रही जुने खाली झुकणारे हात बरीच वर्षं टिकून होते. फोटो रंगीत असेल तर स्टेशनच्या पाट्यांचा रंग बघा. ब्रिटिश रेल्वेजच्या काळात लंडन मिडलंड विभागाचा किरमिजी, सदर्नचा हिरवा, वेस्टर्नचा तपकिरी, ईस्टर्नचा गडद निळा, नॉर्थ ईस्टर्नचा नारिंगी आणि स्कॉटलंडचा फिकट निळा. दोन बाण एकमेकांत अडकलेलं चिन्ह दिसलं तर १९६५ किंवा त्यानंतरचा काळ. स्टेशन आजच्या नकाशावर सापडत नसेल तर हिरमुसू नका. तोट्यातले मार्ग छाटायला सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली होती, त्यातली बरीच खरोखर बंद झाली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-खात्याचे जुने नकाशे ऑनलाइन ठेवलेत. रुळांची वळणं, पूल, सिग्नल केबिन यांची जुळवाजुळव त्यांवर करता येते.

कृष्णधवल फोटोवरून रंग सांगायला जाऊ नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे १९२३ पूर्वीच्या मिडलंड रेल्वेचं किरमिजी इंजिन काळंकुट्ट येतं आणि कॅलेडोनियन रेल्वेचं निळं इंजिन फिकं पडतं. कारखान्याचे अधिकृत फोटो तर आणखी फसवे. नवं इंजिन फोटोपुरतं मंद करड्या रंगात रंगवायचे, म्हणजे बारकावे नीट उठून दिसावेत, आणि मग त्यावर खरा रंग चढायचा. अशा फोटोत बफरांमधलं अंतर अंमळ जास्त वाटलं, किंवा टेंडरवर ‘जी.आय.पी.आर.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) वाचता आलं, तर ते इंजिन ब्रिटनमध्ये बांधलेलं पण आपल्याकडे यायला निघालेलं. न्यूटन-ल-विलोजची व्हल्कन फाउंड्री, मँचेस्टरची बेयर पीकॉक, ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश या सगळ्यांनी भारतासाठी इंजिनं बांधली. ब्रिटिश अल्बममध्ये आपली इंजिनं अशी अधूनमधून भेटतात.

पायरी ४: ओळ कशी लिहायची

फोटोखालच्या माहितीचे मी तीन तुकडे करतो: फोटोत दिसतं ते, फोटोवर किंवा मागे लिहिलंय ते, आणि माझा तर्क. तिन्ही एकाच वाक्यात कालवले की पुढच्या माणसाला कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. आमच्या घरात हेच झालं होतं. मागचे दोन शब्द हा मजकूर, ‘कोल्हापूर स्टेशन’ हा तर्क, आणि चाळीस वर्षांत दोन्ही एक होऊन बसले.

मामाच्या फोटोखाली मी हे लिहिलं:

दिसतं: फलाटावर वाफेचं इंजिन, समोर नंबर ४५५९३, बफरांवर दोन दिवे, केबिनवर तिरका फिकट पट्टा, झाडांना पानं. मागे शाईने: ‘आपलं कोल्हापूर!’, तारीख नाही. तर्क: ज्युबिली वर्गातलं ‘कोल्हापूर’, १९६६ किंवा १९६७ चा उन्हाळा, कारण पट्टा १९६४ नंतरचा आणि छायाचित्रकार १९६६ पासून लीड्समध्ये. स्टेशन लीड्स असावं, खात्री नाही.

लांबलचक वाटतं, पण वाद टळतात. ‘असावं’ हा शब्द लिहायला लाजू नका. स्लाइडच्या चौकटीवर महिना छापलेला असेल तर तो ‘लिहिलेलं’मध्ये घाला, ती फिल्म धुतल्याची तारीख असते, फोटो काढल्याची नव्हे, आणि आपल्या माणसांनी एक रोल सहा-सहा महिने पुरवलाय.

पायरी ५: फोटो कुणाचा?

डबा तुमचा म्हणून फोटोचा हक्क तुमचा होत नाही. ब्रिटिश कायद्यात फोटोचा हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, आणि वारसांकडे जातो. लिलावात निगेटिव्ह विकत घेतली तरी काचेचा किंवा फिल्मचा तुकडा तुमचा झाला, हक्क नव्हे. मामाने स्वतः काढलेले फोटो लोकांना दाखवण्याआधी मी मामीला आणि मामेभावाला विचारलं. दोघे लगेच हो म्हणाले, पण विचारायलाच हवं होतं. त्याच डब्यात काही विकतची प्रिंटं आहेत, मागे फोटोग्राफरचा शिक्का असलेली. ती मी घरच्यांपुरतीच ठेवली. छायाचित्रकार शोधूनही सापडत नसेल तर ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून अशा बेवारस कृतींसाठी परवाना घेण्याची सोय २०१४ पासून आहे. पुस्तकात वगैरे छापायचं असेल तर तिकडे जा.

दुसऱ्याचा फोटो दाखवताना त्याचं नाव कापू नका. आणि स्वतःच्या फोटोवर आडवं नाव छापून इंजिनाच्या नंबरावरच शाई ओतू नका, अगदीच राहवत नसेल तर कोपऱ्यात लिहा.

पायरी ६: चर्चा

एका वेळी एकच फोटो आणि एकच नेमका प्रश्न. ‘याबद्दल कुणाला काही माहीत आहे का?’ याला उत्तर येत नाही. ‘डावीकडच्या सिग्नल केबिनवरून हे कुठलं स्टेशन असावं?’ याला येतं, आणि भरभरून येतं. प्रश्न ज्या भागाबद्दल असेल तो भाग मोठा करून वेगळा पाठवा, पण अख्खा फोटो सोबत द्या, कारण उत्तर बऱ्याचदा तुम्ही कापून टाकलेल्या कोपऱ्यात असतं.

या विषयातले जुने लोक कधीकधी फटकळ असतात. त्यांनी पोरवयात फलाटाच्या टोकाला उभं राहून वहीत नंबर टिपलेले असतात, आणि तुम्ही चार दिवसांपूर्वी शिकून त्यांना तारीख सांगत असता. राग मानू नका. ‘हे कशावरून?’ एवढं मात्र जरूर विचारा. नुसती आठवण आणि फोटोत दिसणारा पुरावा यांत फरक आहे, आणि आठवण साठ वर्षांची असेल तर तीही चुकू शकते. उलट तुम्हाला कुणाची चूक दिसली तर आधी पुरावा दाखवा, मग निष्कर्ष सांगा.

मामाच्या फोटोवर त्याच उजव्या-डाव्यावाल्या आजोबांनी सांगितलं की १९६७ च्या उन्हाळ्यात होलबेकच्या उरल्यासुरल्या ज्युबिली शनिवारच्या जादा गाड्यांना लावून उत्तर इंग्लंडमधल्या सेटल–कार्लाइल मार्गावर पाठवत, आणि दोन दिव्यांशी ते जुळतं. पटण्यासारखं आहे. तरी मी ते ‘तर्क’मध्येच, त्यांच्या सांगण्यावरून म्हणून लिहिलं. नवी माहिती मिळाली की जुनी ओळ न खोडता खाली तारीख टाकून भर घाला, कुणी सांगितलं तेही लिहा. मग ज्यांना ज्यांना आधीची प्रत गेली त्यांना नवी पाठवा, कारण चुकीची प्रत परत आपल्याच दारात ‘दुर्मीळ फोटो’ म्हणून फिरून येते.

मूळ प्रिंट मी मामीला परत दिलं. सोबत पाकिटात एका कागदावर पेन्सिलीने सगळं लिहून ठेवलंय, आणि टिफच्या प्रती दोन ठिकाणी आहेत, एक माझ्याकडे, एक मामेभावाकडे. डब्यात अजून एकतीस फोटो आहेत. पुढचा बोगद्यातून निघणाऱ्या मालगाडीचा आहे आणि मागे फक्त ‘थंडी!’ असं लिहिलंय.